उलट्या चोचीचे कोडे

15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत आठ माणसे एकत्र आली आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आपण टिपलेल्या नोंदी एकमेकांना दाखवाव्यात, जमवलेले नमुने एका जागी ठेवावेत, एवढाच सुरुवातीचा बेत होता. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, त्यांच्या बैठका भरत. आठांपैकी दोघे मराठी डॉक्टर होते. एक प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि दुसरे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील सखाराम अर्जुन. उरलेल्या सहांत एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे एक गृहस्थ होते. जन्म 1851 चा, साताऱ्याचा. काही वर्षे त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवले आणि मग ते सरकारच्या जकात व मीठ खात्यात गेले. मिठागरे, बंदरे, जकातनाके अशा रुक्ष ठिकाणी त्यांचे आयुष्य गेले. तिथे बंगल्यात शिरणारे उंदीर, भिंतीवरची पाल, दिव्याभोवतीचे किडे, अंगणातले कावळे आणि पावसाळ्यातले बेडूक यांच्यावर ते ‘ईहा’ या आद्याक्षरांच्या सहीने निबंध लिहीत. ज्या वर्षी सोसायटी स्थापन झाली, त्याच 1883 मध्ये त्यांचे ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्राँटियर’ हे पुस्तक निघाले.

सोसायटीचा स्थापना दिवस आला की तिच्या संग्रहातले पक्षी, फुलपाखरे, प्राण्यांची कातडी आणि 1886 पासून निघणारे तिचे जर्नल यांची आठवण निघते, आणि ती निघायलाच हवी. मात्र या संस्थेच्या पायाशी एक निबंधकारही उभा होता, ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ती आज सांगावीशी वाटते. कारण सालिम अलींची गोष्ट आपण सगळे चिमणीपासून सुरू करतो. 1908 साली एका मुलाने पिवळ्या गळ्याची चिमणी मारली, ती कोणती हे विचारायला तो सोसायटीत गेला आणि तिथल्या मिलार्डसाहेबांनी त्याला संग्रहाचे खण उघडून दाखवले, इथपर्यंत शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण त्या मिलार्डनी त्या मुलाच्या हातात पुस्तकेही दिली आणि त्यांत ईहांचे मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरचे पुस्तक होते. खणातल्या मेलेल्या पक्ष्यांवरून जातीचे नाव कळते. तो पक्षी सकाळी उठून काय करतो याची उत्सुकता लावण्याचे काम अशी पुस्तके करतात.

ईहांचे सगळेच आज वाचवत नाही. नोकरचाकरांविषयी त्यांनी जे लिहिले, त्यातला साहेबी तोरा बोचतो. प्राण्यांकडे मात्र ते असा तोरा टाकून पाहत. ज्याला सगळे ‘किडा’ म्हणून झटकून टाकतात, त्याच्याकडे अर्धा तास बघत बसण्याची तयारी त्यांच्याकडे होती. जे दिसले ते नीट, हसतखेळत, पण खोटी भर न घालता सांगण्याची हातोटीही होती. निसर्गेतिहासाच्या निबंधाला लागणारे भांडवल एवढेच. ते जवळ असलेल्या माणसाचे लेखन वाचताना जो आनंद मिळतो तो इतर कुठल्याही वाचनात मिळत नाही, असे आमचे मत आहे.

हा आनंद माहितीचा नव्हे. माहिती हल्ली सकाळी डोळे उघडण्याआधी मोबाइलवर येऊन पडलेली असते. ऑक्टोपसला तीन हृदये असतात, निळ्या देवमाशाची जीभ हत्तीएवढी जड असते. आपण ‘अरे वा’ म्हणतो, पुढे पाठवतो आणि संध्याकाळपर्यंत विसरतो. त्यात आपण काहीच केलेले नसते. कुणी विचारलेले नसते, कुणी अडखळलेले नसते, कुणाचा तर्क फसलेला नसतो. चांगला निबंध आपल्याला उत्तराआधी प्रश्नाशी नेऊन बसवतो आणि काही काळ तिथेच बसवून ठेवतो.

अशा निबंधाचा विसाव्या शतकातला सर्वांत मोठा कारागीर म्हणजे स्टीफन जे गूल्ड. त्यांचा जन्मही सप्टेंबरातला, 10 सप्टेंबर 1941 चा. हार्वर्ड विद्यापीठात ते जीवाश्मांचे प्राध्यापक होते आणि स्वतःचे संशोधन बहामा बेटांवरच्या गोगलगायींवर करत. जानेवारी 1974 पासून जानेवारी 2001 पर्यंत त्यांनी अमेरिकेच्या ‘नॅचरल हिस्टरी’ मासिकात एक सदर चालवले. सत्तावीस वर्षांत तीनशे निबंध झाले आणि एकही अंक चुकला नाही. मध्ये 1982 साली त्यांना पोटाच्या आवरणाचा दुर्मीळ कर्करोग झाला, अशा रुग्णांपैकी निम्मे आठ महिन्यांत दगावतात असे वैद्यकीय ग्रंथांतून त्यांनी स्वतः वाचले, उपचार घेतले आणि तरी सदर चालूच राहिले. त्यानंतर ते वीस वर्षे जगले. ‘द पांडाज थंब’ या त्यांच्या संग्रहाला 1981 मध्ये अमेरिकेचे नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. पण मराठी वाचकाला त्यांची ओळख करून द्यायची तर आम्ही पांडापासून सुरुवात करणार नाही. 1985 च्या ‘द फ्लेमिंगोज स्माइल’पासून करू, कारण तो पक्षी आपल्या दाराशी येतो.

पावसाळा सरला, हिवाळा लागला की शिवडीच्या चिखलात, ऐरोलीच्या खाडीत, उजनीच्या पाण्यावर भिगवणला रोहित पक्षी दिसू लागतात. ओहोटीच्या वेळी शिवडी बंदराच्या कडेला उभे राहिले तर हजारो गुलाबी पाठी एकाच वेळी खाली वाकलेल्या दिसतात. लोक फोटो काढतात, रंग कशामुळे येतो हे एकमेकांना सांगतात (तो खाण्यातल्या कॅरोटिनॉइडमुळे येतो, हे खरेच आहे) आणि परततात. आता दुर्बिणीतून एकच पक्षी धरावा आणि त्याचे फक्त डोके पाहावे. लांब मान खाली येते आणि डोके पाण्यात जाताना पार उलटे होते. टाळू खाली, हनुवटी वर. जी चोच आपण ‘वरची’ म्हणतो ती तळाशी, चिखलाकडे, आणि ‘खालची’ वर. त्या स्थितीत पक्षी डोके डावीउजवीकडे फिरवत पुढे सरकतो. आत जीभ हातपंपाच्या दट्ट्यासारखी मागेपुढे होते, पाणी आत ओढते आणि बाहेर ढकलते. चोचीच्या कडांना असलेल्या बारीक पट्ट्यांच्या जाळीत खाद्य अडकते. छोटा रोहित सूक्ष्म शैवाले गाळून घेतो, मोठा रोहित त्याहून मोठे कोळंबीच्या जातीचे जीव आणि अळ्या.

आता चोचीच्या आकाराकडे या. बहुतेक पक्ष्यांची वरची चोच दणकट असते आणि खालची तिच्यात बसणारी, हलकी. रोहिताचे नेमके उलटे आहे. खालची चोच खोल, जाड, पन्हळीसारखी. तीत ती मांसल जीभ बसते. वरची बारीक, झाकणासारखी. आपला वरचा जबडा कवटीला घट्ट असतो आणि खालचा हलतो. रोहित खाताना वरची चोच हलवतो. सतराव्या-अठराव्या शतकातल्या निसर्गवेत्त्यांनाही हे विचित्र वाटले होते. त्यांच्या नोंदींपासून गूल्ड निबंध सुरू करतात आणि आपल्याला हळूहळू त्या प्रश्नाभोवती फिरवतात. मग कोडे सुटते. पक्षी ज्या स्थितीत खातो त्या स्थितीत चोच पाहा. डोके उलटे केले की रोहिताची चोच इतर पक्ष्यांसारखी सरळ होते. जी वर आहे ती दणकट, जी खाली आहे ती हलकी आणि हलणारी. शरीराचा आकार जगण्याच्या सवयीमागून चालत आला. आधी कुणा पूर्वजाने डोके उलटे करून खायला सुरुवात केली आणि पिढ्यान्‌पिढ्या हाडे, सांधे, स्नायू त्या सवयीच्या मागे आले.

हे वाचल्यावर काय होते? पुढच्या वेळी शिवडीला गेलेला माणूस थव्याचा फोटो काढून थांबत नाही. तो एक डोके शोधतो. त्याला उत्तर माहीत असते, तरी ते स्वतःच्या डोळ्यांनी पडताळायचे असते. ज्ञानाने आश्चर्य संपते अशी तक्रार कवी मंडळी अधूनमधून करतात. रोहिताच्या बाबतीत तरी उलट घडते. गुलाबी रंग पाचव्यांदा पाहिल्यावर नवा वाटत नाही, त्या उलट्या डोक्याकडे मात्र तासभर पाहत राहावेसे वाटते.

पांडाची गोष्ट थोडक्यात सांगतो. पांडा बांबूची पाने अंगठ्याने सोलून खातो असे दिसते. पण बोटे मोजली तर पंजाची पाच बोटे आधीच हजर असतात आणि हा अंगठा सहावा निघतो. तो अंगठा नव्हेच. मनगटातले एक लहानसे हाड वाढून तिथे आले आहे. मांसाहारी पूर्वजांचा खरा अंगठा धावण्याच्या कामी इतर बोटांबरोबर जखडला गेलेला होता, म्हणून जे सुटे हाड हाताशी होते त्यावर भागवले गेले. यावर गूल्ड म्हणतात ते मनात रुतून बसते. निसर्गातली निर्दोष रचना उत्क्रांतीचा पुरावा देत नाही, कारण निर्दोष वस्तू कुणीही कोऱ्या कागदावर आखू शकतो. ओबडधोबड, जोडतोड केलेली वस्तू इतिहासाची साक्ष देते. हाच विचार डार्विनने 1862 मध्ये ऑर्किडच्या फुलांवर लिहिलेल्या पुस्तकात मांडला होता आणि गूल्ड पांडाकडे त्या ऑर्किडच्या वाटेनेच येतात. फुलातून अस्वलाच्या पंजात असे नेणारा लेखक भेटला की वाचकाला आपणही थोडे हुशार झाल्यासारखे वाटते. ही भावना खोटी नसते. युक्तिवादाची प्रत्येक पायरी वाचक स्वतः चढलेला असतो.

डार्विनचे नाव निघाले म्हणून त्याच्या शेवटच्या पुस्तकाबद्दल. 1881 मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, जगभर गाजलेल्या या म्हाताऱ्याने गांडुळांवर पुस्तक लिहिले. आमच्या मते निसर्गेतिहासाच्या वाचनात याहून सुखाचे पुस्तक नाही. गांडुळांना ऐकू येते का, हे पाहण्यासाठी त्याने त्यांच्या कुंड्यांजवळ शिट्टी फुंकली, घरात पियानो वाजवला. गांडुळे ढिम्म. मग कुंड्याच पियानोवर ठेवल्या आणि एक स्वर वाजवला. गांडुळे तडक बिळात. म्हणजे ऐकू येत नाही, पण कंप जाणवतो. ती पाने बिळात ओढतात तेव्हा टोकाकडून ओढतात की देठाकडून, हे ठरवायला त्याने कागदाचे 303 त्रिकोण कापून ठेवले. त्यातले बहुतेक गांडुळांनी निमुळत्या टोकाकडून ओढले. आणि या सगळ्याच्या मागे एक शेत. 1842 मध्ये त्या शेतावर खडूचे तुकडे पसरले होते. एकोणतीस वर्षांनी, 1871 मध्ये, तिथे चर खणला तेव्हा खडूची पांढरी रेघ सात इंच खाली सापडली. वरची माती गांडुळांनी आणून टाकलेली. इतक्या सावकाश होणाऱ्या कामाचे मोजमाप करायला एकोणतीस वर्षे थांबणारा माणूस, आणि हे काम कोण करते तर पायाखालचा, डोळे नसलेला जीव. खेड्यात वाढलेल्या मराठी वाचकाला गांडूळ शेतकऱ्याचा मित्र आहे हे पाठ असते. ते वाक्य आले कुठून, हे या त्रिकोणांतून आणि त्या चरातून कळते.

आता आपल्याकडची गोष्ट. बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे सुगरणीचा खोपा घराघरांत पोहोचला. तिथे पिलांसाठी घर विणते ती आई. अलिबागजवळच्या किहीमला सालिम अलींनी 1930 च्या सुमारास सुगरणींची वस्ती दिवसेंदिवस पाहिली आणि ते निरीक्षण सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिले. विणकर नर आहे. तो खोपा अर्धवट विणून ठेवतो आणि पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, विणकाम तपासते. पसंत पडले तर ती तो खोपा आपला म्हणून घेते. मग नर खालची नळी पुरी करतो आणि मादी अंडी उबवत असताना शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. नापसंत पडलेले अर्धे खोपे तसेच लोंबत राहतात. बाभळीवर आपण ते दर पावसाळ्यात पाहतो. ही हकिगत कळल्याने बहिणाबाईंची कविता उणी होत नाही. त्यांनी खोप्यात माणसाच्या जगण्याचा धडा पाहिला आणि तो खराच आहे. पण अर्धवट खोप्यांचे कारण कळल्यावर तीच बाभूळ वाचायला मिळते. दुःख एवढेच की हे निरीक्षण मराठी मुलखात, मराठी झाडांवर झाले आणि ते कसे झाले, अलींना आधी काय वाटले, कुठल्या दिवशी काय दिसले, याचा रसभरीत मराठी निबंध आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही.

मराठीत निसर्गाविषयी लिहिले गेले नाही असे मुळीच नाही. मारुती चितमपल्लींनी वनखात्यातल्या नोकरीतून उभे केलेले रान मराठी वाचकाने डोक्यावर घेतले. जून 2025 मध्ये ते गेले तेव्हा ज्यांनी कधी जंगल पाहिले नव्हते असेही लोक हळहळले, कारण त्यांनी ते जंगल पुस्तकांतून पाहिले होते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळीत बाहेरचा हुप्प्या शिरतो, जुन्याला हाकलतो, आणि पुढे जे घडते त्याने वाचक हादरतो. टोळी जिंकणारा नर आधीची पिले मारतो, हे 1960 च्या दशकात जपानी संशोधक सुगियामा यांनी धारवाडजवळ नोंदले होते. पुढे सारा हर्डी यांनी अबूच्या डोंगरावर त्याचा सविस्तर अभ्यास केला आणि या वागण्याचा अर्थ काय यावर शास्त्रज्ञांत वर्षानुवर्षे वाद झाला. माडगूळकरांनी या वास्तवाची कादंबरी केली आणि ती थोर आहे.

पण त्या वादाचा निबंध मराठीत झाला नाही. आमचे म्हणणे इथे आहे. आपल्या निसर्गलेखनाने अरण्यावर प्रेम केले, अरण्यातली माणसे आणि त्यांची बोली जपली, अनुभव अतिशय हळुवारपणे सांगितला. ‘हे असे का?’ हा प्रश्न धरून तीन हजार शब्द चालण्याची सवय मात्र कमी पडली. शास्त्रज्ञ लिहितात तेव्हा बहुधा निष्कर्ष लिहितात. ललित लेखक लिहितात तेव्हा बहुधा अनुभूती लिहितात. या दोहोंच्या मधली जागा, जिथे अनुभव पुरावा होतो आणि पुरावा गोष्ट होते, ती ओस पडलेली आहे. माधव गाडगीळ, मिलिंद वाटवे यांच्यासारख्यांनी तिथे मराठीतून पेरणी केली आहे. ती जागा मोठी आहे आणि तिथे आणखी पुष्कळ जणांना वाव आहे.

विषयांची उणीव नाही हे सांगायला एक उदाहरण पुरे. सप्टेंबरात साताऱ्याच्या कासच्या पठारावर माणसांची रीघ लागते. निळ्या-जांभळ्या फुलांचे जे गालिचे सगळे पाहून येतात, त्यातली पुष्कळशी फुले सीतेच्या आसवांची असतात. वीतभरही नसलेला दांडा आणि त्यावर चिमुकली निळसर फुले. या वनस्पतीला खरी मुळे नसतात. ओल्या मातीत तिचे बारीक धागे पसरलेले असतात आणि धाग्यांवर मोहरीहूनही लहान फुगे. प्रत्येक फुगा एक सापळा आहे. तो आतले पाणी बाहेर टाकतो, त्याच्या भिंती आत खचतात, तोंडावरचे झाकण घट्ट मिटलेले असते. झाकणाजवळच्या केसाला एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की झाकण उघडते आणि पाण्यासकट तो जीव आत ओढला जातो, डोळ्याची पापणी लवण्याच्या कितीतरी आधी. वर ते निरागस फूल आणि खाली ही शिकार. कारण जांभ्या दगडाच्या या पठारावर माती म्हणावी तर बोटभर, आणि पावसाच्या माऱ्याने तिच्यातला नत्र धुऊन गेलेला. जे मातीत नाही ते प्राण्यांच्या शरीरातून मिळवायचे. पठारावर दवबिंदू ही दुसरी कीटकभक्षी वनस्पतीही याच कारणाने राहते.

सीतेच्या आसवांच्या फुग्याचे झाकण कसे उघडते यावर डार्विनने 1875 च्या पुस्तकात लिहिले की जीव स्वतःच डोके पाचरीसारखे घुसवून आत जात असावा. अमेरिकेत न्यू जर्सीत मेरी ट्रीट नावाच्या बाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तासन्‌तास हेच फुगे पाहत होत्या. जीव आत घुसत नाही, तो आत खेचला जातो, असे त्यांना दिसले. त्यांनी ते डार्विनला कळवले आणि आपला तर्क चुकला हे त्याने पत्राने मान्य केले. आतल्या कमी दाबाचा पुरता उलगडा पुढे विसाव्या शतकात झाला. या मेरी ट्रीट विद्यापीठात नव्हत्या. त्या मासिकांत निसर्गावरचे लेख लिहून चरितार्थ चालवत आणि त्यांचे वाचक घरी बसून ते वाचत.

आपल्याकडे दिवाळी अंकांची पाने दरवर्षी लागतात. कथा, कविता, मुलाखती, राशिभविष्य यांची जागा ठरलेली असते. संपादकांनी एका अंकात एकच लांब निबंध असा घ्यावा ज्यात एकच फूल, एकच खेकडा किंवा एकच घरटे असेल, आणि लेखकाला पाने मोजून न देता ते शेवटपर्यंत पाहू द्यावे. महाराष्ट्रात वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकवणारे शेकडो प्राध्यापक आहेत, वनरक्षक आहेत, रविवारी दुर्बीण घेऊन निघणारे बँक कर्मचारी आणि शिक्षिका आहेत. त्यांच्या वह्यांत असे निबंध नोंदींच्या रूपात आताच पडलेले आहेत. ते मागायला हवेत, आणि मागताना ‘चारशे शब्दांत, सोपे करून’ ही अट काढून टाकायला हवी.